माझी भावजय कॉम्प्युटर शिकली

नणंदेनं भावजयीचं कौतुक केलं, तर आमच्या गावात लोक आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. मला ताप आलेला नाही. नाझीनं जे केलं ते मी दारात उभी राहून या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते मी सांगणार. मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

नाझिब्रोला हे तिचं पूर्ण नाव, पण तेवढं उच्चारायला इथं कुणाला वेळ नाही. आमच्या त्किबुलीच्या डोंगरउतारावर चहाचे मळे होते तेव्हा ती पानं खुडायची. आता तिथं रान माजलंय, बकऱ्या चरतात. पण त्या काळी तिच्या हाताला इतका वेग होता की बाकीच्या बायका तिच्या शेजारची ओळ घ्यायचं टाळायच्या. माझा भाऊ ओतार तेव्हा चहाचा ट्रक चालवायचा. तिच्या टोपल्या भरायला तो दुप्पट वेळ थांबायचा, हे मी आईला सांगितलं आणि लग्न जमलं. म्हणजे ही पीडा मीच घरात आणली.

ट्रक हा ओतारचा नुसता धंदा होता. खरा ओतार दिसायचा तो मेजवानीच्या टेबलाशी. आमच्या खोऱ्यात लग्न असो, बारसं असो, तामादा, म्हणजे मेजवानीचा म्होरक्या, म्हणून त्यालाच बोलावणं यायचं. वाइनचे पेले कुणासाठी उचलायचे, कुठल्या क्रमानं उचलायचे, सगळं त्याच्या हातात. तो बोलायला लागला की तोंडातला घास चावायलाही लोक थांबायचे. मी त्याची बहीण, त्याचे सगळे दुर्गुण मला पाठ आहेत, पण टेबलाशी तो राजा होता.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ हळूहळू परत आली, पाय काही आला नाही. खिडकीपाशी खुर्ची आणि खुर्चीपासून पलंग, एवढंच त्याचं जग उरलं. कुणी भेटायला आलं की तो डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा. बायको आणि मी, दोघींशिवाय त्या खोलीत कुणाला शिरायची सोय नव्हती.

अशात त्यांच्या मुलाचं, बाचानाचं लग्न ठरलं. तो पोलंडमध्ये, क्राकूवला घरं बांधायच्या कामावर आहे. मुलगी तिथलीच, यागोदा नावाची. लग्नही तिथंच. त्यानं फोन केला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही येऊ शकत नाही ते मला कळतं. आम्ही हॉलमध्ये मोठा पडदा लावतो. तुम्ही घरी बसून बोला. तामादा तुम्हीच."

ओतारनं लुळ्या पायाकडे पाहिलं.

"आणि गेलेल्यांचा पेला?" त्यानं विचारलं. "तो मी बसून उचलू? माझ्या बापाचं नाव घेताना बूड खुर्चीला टेकवून ठेवू?"

"बाबा, कोण काय म्हणणार आहे..."

"मी म्हणणार. भाड्यानं एखादा तामादा बघ." त्यानं फोन नाझीच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

आमच्याकडे गेलेल्यांचा पेला उभ्यानंच घेतात. ज्याला काठी लागते तोही त्या वेळेपुरता टेबलाला धरून उठतो. त्यामुळे दादा चुकीचं बोलला असं मलाही म्हणवेना. पण मुलाच्या लग्नात बाप नाही, हेही गळ्याखाली उतरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाझी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता कुंपणापलीकडून म्हणाली, "त्सिआला, वाचनालयात तेओना कॉम्प्युटर शिकवते म्हणे. चल, नाव घालू."

"साठी उलटली तुझी," मी म्हटलं. "तेओनाला सांग, ती येऊन लावून देईल."

"ती खोलीत आली की तो झोपणार. लावायचं तर मलाच लावलं पाहिजे."

मग काय, मीही नाव घातलं.

वर्गात आम्ही मोजकीच माणसं. दोघी आम्ही, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला शाल्वा, आणि टपालवाल्याची बायको. चहा खुडणारे ते नाझीचे हात माउसवर आले आणि पार गांगरले. तिनं तो इस्त्रीसारखा दाबून धरला. दोनदा टिचकी मार म्हटलं की ती एकदा मारायची, थांबायची, तेओनाच्या तोंडाकडे बघायची, आणि मग दुसरी मारायची. पासवर्ड कुणाला सांगू नका म्हटल्यावर तिनं लगेच मागं वळून मला तिचा सांगितला, मी विसरणार नाही म्हणून. तेओनानं कपाळावर हात मारला.

शोध घ्यायच्या धड्याची तर गावभर चर्चा झाली. तेओना म्हणाली, "मावशी, काय हवं ते या चौकटीत लिहा." नाझीनं लिहिलं, नमस्कार, तब्येत कशी आहे, घरचे सगळे बरे आहेत ना.

"अहो मावशी, हे कशाला?"

"कुणाकडे काम घेऊन गेलं तर आधी विचारपूस नको का करायला? एकदम मागायचं?"

"तिथं कुणी नसतं."

"मग उत्तर कोण देतं?"

शाल्वा म्हणाला, "बरोबर बोलली." त्या दिवशी चौघांनीही आधी विचारपूस लिहिली. तेओना बिचारी शहरात शिकून आलेली, तिनं ओठ दाबून सगळं चालू दिलं.

पण नाझी चिवट. घरी कॉम्प्युटर नाही, तर ती ओट्यावर पीठ पसरून त्यात कळांची रांग काढायची आणि मळायच्या आधी बोटं चालवून घ्यायची. मक्याची भाकरी रोज उशिरा व्हायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, अक्षरं खायला घालणार आहेस का दादाला?" तर म्हणाली, "तुझ्या हातच्या लोबिओपेक्षा पचायला हलकी पडतील." माझं राजम्याचं लोबिओ अख्ख्या गल्लीत मागून नेतात, हे मी इथं नोंदवून ठेवते.

द्राक्षं पिकत आली तसं तिला पत्र पाठवता यायला लागलं, पत्राला फोटो जोडता यायला लागला. पहिला फोटो तिनं बाचानाला पाठवला तो डुकराचा. त्याचं उत्तर आलं, "आई, छान दिसतेस." ते तिनं वर्गात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि सगळ्यांत जास्त तीच हसली.

शेवटी समोरासमोर बोलायचा धडा आला. तेओनानं आमच्या दोन तुकड्या केल्या. एका खोलीत मी आणि शाल्वा, दुसरीत नाझी आणि टपालवाली, दोन्हीकडे एकेक लॅपटॉप. फक्त एकमेकांना हाक मारायची आणि बंद करायचं, एवढाच धडा होता. पण माणसं समोर दिसणार आणि टेबल रिकामं, हे कसं जमावं? शाल्वानं घरच्या वाइनचा जग आणला होता. मी चीज भरून रोट्या भाजून नेल्या होत्या. पलीकडे टपालवालीनं अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी आणली होती. तेओना म्हणाली, "अहो, हा धडा आहे." शाल्वा म्हणाला, "हो ना, म्हणून तर एकच जग आणला."

पहिला पेला शांततेसाठी झाला, दुसरा तेओनासाठी. मग शाल्वानं गेलेल्यांसाठी पेला भरला, आणि आम्ही रीतीप्रमाणे उठलो. पलीकडून टपालवाली ओरडली, "अगं, तुमची मुंडकी कुठं गेली?"

आम्ही पडद्याकडे पाहिलं तर त्यांचीही तीच गत. नुसती पोटं. त्यात गेलेल्यांच्या नावानं शाल्वानं भाकरीवर वाइनचे दोन थेंब सांडायचे ते भाकरी बाजूला राहून कळांवर सांडले. तेओना फडकं घेऊन धावली. ज्यांच्या नावानं पेला भरला होता त्यांनी माफ करावं, पण आम्ही हसून हसून बेजार झालो.

नाझी मात्र हसली नाही. तिनं एक बोट लावून तिकडचा पडदा मागं कलवला, तशी आमच्या पडद्यावर दोघींची डोकी परत आली. बाकी सगळे खाली बसून खायला लागले, तरी तिचं आपलं चाललंच होतं. पडदा मागं, पडदा पुढं, आणि पडद्यातला कॅमेराही त्याच्याबरोबर. मला इकडे दिसत होतं, तिचा चेहरा खाली जात होता, वर येत होता. मी ओरडले, "नाझी, बस ना. सारखी काय उठतेस?"

मी उठून त्या खोलीत गेले. ती खुर्चीत बसून होती.

"उठली होतीस की नव्हतीस?" मी विचारलं.

"या गुडघ्यांनी? मी कधीची बसलेय." आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मला वाटलं, वाइन चढली.

लग्नाच्या दिवशी तेओनानं वाचनालयाचा लॅपटॉप दिला. नाझीनं ओतारची दाढी केली, त्याला सदरा घातला, लुळा हात हळूच कोटाच्या बाहीत सरकवला. तो कुरकुरत होता.

"लग्न बघेन. एक पेला नवराबायकोसाठी घेईन. गेलेल्यांची वेळ आली की बंद करायचं."

"वेळ आली की बघू," नाझी म्हणाली.

"बघू नाही. बंद."

"बरं बाबा, आधी मान तर वर कर, कॉलर लावू दे."

तिनं लॅपटॉप त्याच्यासमोर टेबलावर ठेवला, खाली वाइनचे दोन खोके घालून उंच केला. स्वतः टेबलाच्या कडेला जमिनीवर गुडघे टेकून बसली, पडद्यात दिसणार नाही अशी. मी रोट्यांचं ताट घेऊन दारात. तिनं पासवर्ड घातला, टिचकी मारली, दुसरी मारली, मध्ये न थांबता. आणि क्राकूवचा हॉल आमच्या खोलीत आला. बाचाना नव्या सुटात. शेजारी यागोदा, गोरीपान, सारखी हात हलवणारी. मागं आमच्याकडची कामावरची पोरं आणि तिच्याकडची मंडळी.

ओतारचे कान लाल झाले. त्या आजारपणानंतर इतकी माणसं त्याला पहिल्यांदाच बघत होती. मला वाटलं, आता हा डोळे मिटणार. पण त्यानं डावा हात पुढं केला आणि पेला धरला.

पहिली दोन वाक्यं अडखळली. मग जिभेला वाट सापडली. तो यागोदाच्या आईवडिलांशी बोलला, म्हणाला, "तुमची मुलगी आमच्याकडे आली असं मी म्हणणार नाही. आमचाच मुलगा तुमच्याकडे आलाय, तेव्हा त्याला वेळेवर जेवायला घाला." कुणीतरी ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि हॉल हसला. त्या हसण्यानं माझा जुना भाऊ परत आला. एकामागून एक पेले झाले, आणि मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्याला भान राहिलं नाही. आणि सवयीनं, ज्या क्रमानं आयुष्यभर म्हणत आला त्याच क्रमानं त्यानं म्हटलं, "आता, जे आपल्यात नाहीत त्यांच्यासाठी."

तिकडे खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. पडद्यावर नुसते टाय आणि यागोदाच्या हातातली फुलं राहिली. ओतारचा पेला हवेतच थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

"नाझी," तो पुटपुटला, "बंद कर."

तिकडे कुणीतरी कॅमेरा वर उचलला, आणि सगळे चेहरे परत दिसायला लागले. सगळे उभे, हातात पेले, तामादाची वाट बघत.

नाझीनं टेबलाखालून हात वर केला. पडद्याच्या वरच्या कडेला एक बोट ठेवलं आणि अगदी सावकाश तो पुढं झुकवला.

पडद्याच्या कोपऱ्यात आपलं आपल्याला दिसतं त्या लहान चौकटीत ओतारचा चेहरा वर सरकायला लागला. आधी कोटाची दोन बटणं दिसली, मग आणखी एक. त्याचं डोकं चौकटीच्या वरच्या कडेशी जाऊन थांबलं, उभ्या माणसाचं असतं तसं. ओतार त्या चौकटीकडे बघत राहिला. मग त्यानं पाठ ताठ केली. मान ताठ केली. पेला छातीच्या वर नेला.

तिकडून बाचानाचा आवाज आला, आमच्या भाषेत, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "बाबा उठले."

पोराला ठाऊक होतं का? ठाऊक असणारच, बापाचा पाय काय आहे ते त्याला माहीत नाही का? तरी त्याच्या आवाजात जे होतं ते खोटं नव्हतं. ओतारनं आमच्या वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, चहाच्या मळ्यातल्या सोबत्यांची घेतली, यागोदाच्या आजोबांचंही घेतलं, जे त्यानं मुलाला विचारून आधीच पाठ केलं होतं. म्हणजे हा पेला म्हणायची तयारी त्यानं मनात करून ठेवली होती, आणि आम्हाला मात्र बंद कर म्हणून दटावत होता. भाकरीवर दोन थेंब त्यानं नीट भाकरीवरच सांडले. मी ताट खाली ठेवलं. त्या वेळभर नाझीचं बोट कडेवर होतं. चहाचं कोवळं पान खुडताना दाबायचं तेवढंच दाबून.

पेला संपला. तिकडे सगळे बसले. नाझीनं पडदा हळूहळू मागं नेला आणि ओतार लोकांबरोबर खाली बसला.

नंतर मी तेओनाला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "हे मी नव्हतं शिकवलं." मी म्हटलं, "नाही, हे आमच्या वहिनीनं काढलं." वहिनी हा शब्द इतक्या ऐटीत माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. आता गावात कुणाचं पोर परदेशात असलं की लोक नाझीला बोलावतात, आणि मी तिच्याबरोबर जाते, तिला कुणी साधी बाई समजू नये म्हणून.

पण त्या दिवशी पडदा बंद झाल्यावर ओतारनं पेला खाली ठेवला. नाझी टेबलाला धरून जमिनीवरून उठत होती, गुडघे चोळत. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी आणखी जरा हळू उठव मला. माझं वय झालंय."