सदूची जागा

आमच्या शेजारचे बेसकाका कुठल्याही खोलीत शिरले की आधी दुसरं दार शोधायचे. आमच्याकडे चहाला आले तरी स्वयंपाकघरातून मागे बाहेर पडता येतं ना, हे बघूनच टेकायचे. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांचा जन्म गेला होता. रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा माणूस इतका भित्रा असू शकतो, यावर माझा आधी विश्वासच बसत नसे.

बँडचं नाव ‘खाजण’, आमच्याकडच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरून. बोईसरला एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, म्हणून प्रॅक्टिसही शुक्रवारी, आमच्या बिल्डिंगमागच्या गाळ्यात. काका बेसवर, त्यांचे साडू ड्रमवर, आणि गाणारा, गिटार वाजवणारा सदू. लोक यायचे ते सदूसाठी. गाणं रंगात आलं की हे दोघं मागे सरत आणि सदू एकटा गिटारवर सुटायचा. तेवढ्यापुरते काका डोळे मिटत. एरवी त्यांचं सगळं लक्ष हवेतल्या वासाकडे. “वास आला तर वाऱ्याला आडवं पळायचं, बाय. मागं बघायचं नाय,” हे त्यांनी मला शाळेत असतानाच शिकवून ठेवलं होतं.

मग एका प्लँटमध्ये स्फोट झाला. आमच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सदू त्याच महिन्यात बायकामुलांना घेऊन नाशिकला गेला. “पळाला ते बरंच केलं,” काका म्हणाले. त्यानंतर सदूचं नाव निघालं की ते उठून बाहेर जात.

रिटायर झाल्यावर त्यांनी साडूंना घेऊन नवा अल्बम केला. स्वतः गायले. पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन म्हणाले, “तू बोलतच नायस, म्हंजे खोटं पण बोलणार नायस. ‘खाजण’ नावानं बाहेर काढू का, सांग. लोक हसणार असतील तर आजच पुसून टाकतो.”

रात्री मी हेडफोन लावून ऐकायला बसले.

काका फार जपून गायले होते, घरात कुणी आजारी झोपलंय असं. शब्द छान होते. पण प्रत्येक गाण्यात मध्येच आवाज थांबायचा आणि नुसता बेस आणि ड्रम चालू राहायचा, बराच वेळ. रेकॉर्डिंग बिघडलंय असं वाटलं. तिसऱ्या गाण्याला कळलं. ती सदूची जागा होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं दोघं अजून मागे सरत होते, आणि पुढे कुणीच नव्हतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी जिन्यात त्यांना चुकवू लागले. शेवटी तेच दारात येऊन उभे राहिले.

“गाणी चांगली आहेत, काका. पण तुम्ही सगळ्या गाण्यांत सदूकाकांची वाट बघताय.”

मी एक गाणं लावलं. ती जागा आली. काका स्पीकरकडे वाकले. “आयला,” ते हळूच म्हणाले, “इथं तर कोणच नाय.”

“कापून टाकायची का?”

“कापली तर गाणं लंगडं होईल. आणि भरायला मला गिटार कुठं येते? मला नुसतं ओरडता येतं.”

“मग ओरडा.” बोलून गेल्यावर मीच घाबरले.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला गाळ्यात बसवून घेतलं. जागा आली, काका माइकपुढे गेले, आणि आवाजच फुटेना. साडू ड्रममागून खेकसले, “काय रं, कंपनीचा भोंगा वाजायची वाट बघतोस काय?” दुसऱ्या खेपेला काका ओरडले. त्यांनी लहानपणी मुरब्याच्या किनाऱ्यावर कोळी होड्या ओढताना ऐकलेली हाक, शब्दांशिवाय, फाटक्या आवाजात. स्फोटाच्या दिवशी जिन्यात माणसं एकमेकांना अशाच हाका मारत होती. मला उठून पळावंसं वाटलं.

अल्बम ‘खाजण’ नावानंच निघाला. जुनी मजा त्यात नाही, दोन गाणी उगाच लांबलीत. पण ती हाक लागली की मी अजूनही हातातलं काम ठेवते.

काका गेल्या वर्षी वारले. मला आठवतात ते सदूचा फोन आला तेव्हाचे. आमच्याच दिवाणखान्यात होते. फोन त्यांनी माझ्यापुढे धरला, स्पीकर मी लावून दिला.

“माझ्या जागेवर कोण बोंबलतंय रं?” सदूनं विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

“मी हाय.”

पलीकडे तेच गाणं चालू होतं, ती हाक येऊन गेली. मग सदू तिकडे कुणाला तरी म्हणाला, “परत लाव.”