ऊन होतं, तरी लाईट गेली

मागच्या गुरुवारी भर दुपारी इथे जर्मनीत, एर्लांगेनला, आमच्या गल्लीतली लाईट गेली. इथे लाईट जात नाही... मुलाकडे राहायला आल्यापासून मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर लख्ख ऊन. मंदारने, म्हणजे माझ्या मुलाने, छपरावर सोलरच्या काळ्या पाट्या बसवल्यात, त्या वर मस्त तापत पडलेल्या. आणि खाली ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन टूं टूं करून बंद पडलं.

ह्यांच्या फुप्फुसात आता काही राहिलेलं नाही. नाकात नळी असली की बोलतात, चिडतात, पेपर वाचतात. नळी निघाली की थोड्या वेळात ओठ निळे पडायला लागतात...

आधी सोलरचं सांगते, नाहीतर कळायचं नाही. आमच्या छपरावरची सगळी वीज कंपनीला विकायची आणि घराला लागते ती परत विकत घ्यायची, असा इथला कारभार. विकताना भाव जास्त मिळतो म्हणे. मला कधी पटलं नाही... घरच्या म्हशीचं दूध डेअरीला घालायचं आणि चहाला पिशवी आणायची. पण मी सातवी शिकलेली, माझं कोण ऐकतं.

ह्यांना मात्र त्या छपराचा भारी अभिमान. गावाकडे हे लाइनमन होते, जन्म खांबावर गेला. लोडशेडिंग कुणीतरी करायचं आणि शिव्या ह्यांनी खायच्या. आता स्वतःच्या डोक्यावर वीज तयार होते म्हटल्यावर काय... नाकातली लांब नळी ओढत येईल त्याला केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन मीटर दाखवायचे. ढग आले की ह्यांचं तोंड पडायचं.

मशीनवाल्यांनी लाईट गेली तर असावा म्हणून ऑक्सिजनचा एक मोठा सिलेंडर दिला होता. ह्यांनी तो खोलीत ठेवू दिला नाही. म्हणे, आपल्या घरात वीज पिकते, हे धूड कशाला? आणणाऱ्याकडूनच केलरमध्ये ठेवून घेतला. मंदार दर रविवारी म्हणायचा वर आणू... राहिलं.

तर मशीन बंद पडलं. मंदार आणि सूनबाई कामावर, घरात आम्ही दोघंच. मी उठले तर ह्यांनी हात केला. "थांब. आपली सुरू होईल."

मला थांबायची सवय नाही, तरी थांबले. खिडकीतून ऊन आत येत होतं... मशीन गप्प. शेवटी केलरमध्ये गेले तर सोलरच्या डब्यावरचा हिरवा दिवासुद्धा गेलेला. सिलेंडर ओढून बघितला, जागचा हलेना. फोन उचलला तर तोही विजेवरचा, मुका; मोबाइल आम्हा दोघांकडे नाही.

वर आले. हे तोंडाने श्वास घेत छताकडे बघत होते. थांब म्हणायलाही दम नव्हता, नुसता हात वर. मी चपला घातल्या आणि सुटले.

कोपऱ्यावर रस्ता खणताना केबल तुटली होती. वीज कंपनीची गाडी उभी, भगव्या जाकिटातला एक माणूस खड्ड्यात उतरून केबलशी काहीतरी करत होता. माझं जर्मन बेकरीपुरतं. काठावर वाकले आणि म्हटलं, "मान... लुफ्ट... कापुट." माणूस, हवा, बंद. एवढेच शब्द आले.

तो वर चढला आणि काही न विचारता माझ्या मागे पळत आला. मी केलरकडे बोट दाखवलं, त्याने सिलेंडर खांद्यावर घालून वर आणला. नळी लावायची मला माहीत होती, ती मी लावली. त्याने मोबाइलवरून डॉक्टरांना फोन केला.

मग तो पलंगावर ह्यांच्या शेजारी बसला, ह्यांचा हात हातात घेऊन. रूइश, रूइश म्हणत होता... शांत व्हा, शांत व्हा. हात सगळे मातीने भरलेले. हे त्या हातांकडेच बघत होते. ओठांना रंग आला, डॉक्टर आले, तसा तो उठून परत खड्ड्यात गेला.

संध्याकाळी बोलता यायला लागलं तसे हे मंदारवर घसरले. एवढं ऊन पडलं होतं आणि तुझ्या छपरावर साधं एक मशीन चाललं नाही, म्हणाले. मंदार पलंगाशी येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "बाबा, बाहेरची लाईट गेली की आपलं सोलर आपोआप बंद होतं. मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर आपली वीज उलटी केबलमध्ये जाईल, आणि तिथे जो माणूस काम करत असेल..."

पुढचं त्याला बोलायची गरज पडली नाही. ह्यांचा कामावरचा जोडीदार होता नामदेव. एका लग्नघरी जनरेटर लावलेला, त्याची वीज उलटी तारेत आली आणि तो खांबावरच गेला. ह्यांनीच त्याला खाली उतरवला. त्यानंतर कित्येक दिवस हे धड जेवले नव्हते, आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायचं नाही.

हे माझ्याकडे वळले. विचारलं, "माझा हात धरून बसला होता, तोच ना खड्ड्यात?"

मी म्हटलं, "तोच."

"मग बरोबर बंद झाली."

सिलेंडर आता पलंगाशी आहे. मीटर बघायला केलरचे जिने ह्यांना उतरवत नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मंदारला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मी विचारलं नाही... त्याचं तोंड बघितलं, तेवढं पुरे.

शनिवारी कोपऱ्यावर जाऊन आले. खड्डा बुजवलेला, वर नवं डांबर, माणूस कुठला दिसायला. नाव विचारायचं राहिलं, दांके, म्हणजे आभार, म्हणायचंही राहिलं.

आमच्या छपरावरची वीज विकली गेली की कुणाच्या घरी जाते, कोण जाणे. थोडी त्याच्या घरी जावी...