बादलीभर खारं पाणी

आमच्या गावाच्या वेशीवर आता पाटी लागलीय, 'ऐतिहासिक मासेमारी गाव'. ऐतिहासिक म्हणजे आम्हीच की, अजून चालतेबोलते आहोत एवढंच. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरभरून माणसं येतात. जुना दगडी धक्का बघतात, दीपगृहाच्या पायऱ्या चढून धापा टाकतात. मासळीचा लिलाव व्हायचा तिथं आता शंखशिंपल्यांचं दुकान आहे, तिथं घासाघीस करतात. मग माझ्या टपरीवर चहा पिताना विचारतात, "काकू, ते आजोबा नावेवर पाणी का ओततायत?"

ते आजोबा म्हणजे आमचे हे. गावात त्यांना कप्तान म्हणतात, पाहुण्यांनी नाव ठेवलंय बादलीवाले. उभा जन्म समुद्रात काढला. नजर अधू झाली, समोरचं दीपगृहही धूसर दिसायला लागलं, तेव्हा आपली लाकडी नाव गावसमितीला देऊन टाकली. समितीनं तिला निळा रंग फासला आणि धक्क्याच्या उतारावर ओंडक्यांवर चढवून ठेवली, फोटो काढायला. तेव्हापासून रोज सकाळी हे चाचपडत खाली जातात, खारं पाणी आणतात आणि तिच्या फळ्या भिजवतात. लाकूड सुकलं की आकसतं, सांध्यांना फटी पडतात, मग नाव तरंगत नाही. पण जी पाण्यात जाणारच नाही तिला भिजवायचं कशाला? विचारून विचारून मी थकले. उत्तर एकच, "असू दे गं." घरातला नळ गळतोय त्याला हात लावायला वेळ नाही, आणि इथं बादल्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरं सांगते, राग बादल्यांचा नव्हता. लग्न होऊन आले त्या वर्षी मी ह्यांना म्हटलं होतं, एकदा मला नावेतून न्या, समुद्रातून आपलं घर कसं दिसतं ते बघू दे. "नेतो की," म्हणाले. पुढं हंगाम, पुढं पोरगी, पुढं तिचं लग्न. नावेत कधी जाळी असायची, कधी बर्फ, मी कधीच नाही. आता जावईबापू पाहुण्यांना मोटारबोटीतून फिरवतात. कितीदा म्हणाले, "आई, चला ना. तुमच्याकडून काय तिकीट घेणार आहे का मी?" मी गेले नाही. हट्टी म्हणा हवं तर. पण ती हौस ह्यांच्या नावेची होती, दुसऱ्याच्या बोटीत बसून कशी फिटणार?

मागच्या आठवड्यात समितीचे अध्यक्ष चहाला आले. खुशीत होते. "काकू, सोमवारी सुतार येतोय. नावेची एक बाजू कापून दार करणार, आत बाक टाकणार. पाहुण्यांना बसून फोटो काढता येतील."

माझ्या हातातली गाळणी हातातच राहिली. हे मागच्या बाकावर बसले होते. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कापा. पण रविवारच्या भरतीला एकदा पाण्यात घालू द्या."

"कप्तान, बुडेल की हो ती."

"बुडू द्यायची असती तर रोज पाणी कशाला घातलं असतं?"

रविवारी पाणी पार उतारावर चढलं. जावईबापूंनी माणसं जमवली, ओंडके काढले, नाव ढकलली. पाहुणे फोन काढून उभे. एकानं तर विचारलं, हा कार्यक्रम रोज असतो का. नाव पाण्यात शिरली, एका अंगाला कलली आणि सावरून तरंगायला लागली. ह्यांनी आत उतरून तळावरून हात फिरवला. कोरडा होता. मग साधारण माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "चल. लग्नाच्या वर्षी म्हणाली होतीस ना."

चारचौघांत मला रडू फुटलं. चहा उकळत होता, तो तसाच टाकून मी चढले.

जावईबापूंनी बोटीला दोर बांधून आम्हाला ओढत नेलं. धक्का मागं पडला, माणसं बारीक झाली, तेव्हा त्यांनी मोटार बंद केली. मी वळून बघितलं. सगळं गाव एका ओळीत, आणि टोकाला, धक्क्याच्या उताराशेजारी, पाण्यालगत, आमचं घर. एवढंसं.

"दिसलं?"

"दिसलं."

"मला सांग. मला इथून काही दिसत नाही आता."

"खिडकी दिसतेय. वाळत घातलेली चादर. दार उघडंच राहिलंय."

"आणि दारात?"

"दारात कोण असणार? मी इथं आहे."

हे मग म्हणाले, "परतताना मी घर कधी बघितलंच नाही. दारात तू असायचीस, तेवढंच बघायचो."

मी पुन्हा बघितलं. उघडं दार, आत काळोख. जन्मभर जे बघायची आस धरली ते समोर होतं, आणि दारात कुणी नव्हतं. आमच्यातलं जे मागं राहील त्याला घर असंच दिसणार.

"मला धक्क्यावर सोडा," मी म्हटलं. "मी दारात जाऊन उभी राहते. तुम्ही परत फिरून या."

"दिसणार नाहीस गं मला."

"हाक मारीन."

मला उतरवून नाव पुन्हा बाहेर गेली, आणि मी दारातून हाक मारली. घसा बसेपर्यंत, पाहुण्यांची लाज न धरता मारली. ह्यांनी जावईबापूंना दोर सोडायला लावला आणि माझ्या आवाजावर वल्हवत नाव उताराला आणून लावली.

सोमवारी सुतार आला. त्याच्या आधी हे बादली घेऊन खाली गेले होते. 'कशाला' म्हणून मी त्या दिवशी विचारलं नाही.