मळका पाना

मुनाफभाईंकडे गाडीला टेप बसवायला गेलं की ते टेप दाखवत नसत. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर येऊन बसायचं आणि म्हणायचं, "चाल, घरी ने."

पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला कुठंतरी फुकट जायचं आहे. मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती. आधीच्या मालकानं टेप काढून नेला होता आणि माझ्यासाठी एक चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी तेवढ्या मागे ठेवल्या होत्या. मी म्हणालो, "भाई, माझं घर बोरी अरबले हाय. दारव्ह्याहून दूर पडन तुमाले."

"मंग रस्ताबी दूरचाच असन. चाल."

वाटेत ते गाडीच तपासत राहिले. काच वर केली, खाली केली, डॅशबोर्डवर टिचकी मारून पाहिली. डांबर संपून नुसती खडी उरते तिथं मी सवयीनं ब्रेकवर पाय ठेवला, तर म्हणाले, "पाहुना बसला म्हनून हळू नको करू. रोज जात असन तसाच जाय." मी रोजच्यासारखा गेलो. माझं डोकं छताला लागलं आणि मुनाफभाई खूश झाले. "हा रस्ता बारीक आवाज खाऊन टाकते," ते म्हणाले. "तुले बोलनारा स्पीकर पायजे. धडधडनारा नाही. धडधड रस्त्याची हाय तेवढी पुरे."

घरी चहा झाला. कप खाली ठेवत त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पुढे आमच्या भागात त्यांच्या नावाआधी लोकांना आठवायचा.

"मागं कोन बसते?"

मागं आई बसायची. मुनाफभाईंनी तिला बोलावून गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि विचारलं, "माय, कोनत्या कानानं बरं आयकू येते?"

"उजव्या," आई म्हणाली. "डावा नावालेच हाय."

"माहाबी डावाच गेला. वरातीच्या भोंग्यापाशी उभा होतो."

मग दोघांनी एकमेकांच्या गेलेल्या कानांची चौकशी केली, लांबच्या नातेवाइकांची करावी तशी. चहाचा दुसरा कप झाला, मुनाफभाई एसटीनं दारव्ह्याला परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत दोन स्पीकर पुढे आणि एक छोटा मागे, आईच्या उजव्या कानाजवळ, असे बसले. त्यानंतर आई गाडीत बसली की तक्रार न करता बसायची. आमच्या घरात ही बातमी होती.

डाव्या कानाचा त्यांना एक फायदाही होता. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की ते मान फिरवून तोच कान पुढे करत. गिऱ्हाईक बोलून दमलं की उजवा कान परत. "हं, मंग बसवाचा ना टेप?"

दुकानाची मागची भिंत म्हणजे हत्यारांची. प्रत्येक पाना, पक्कड, पेचकस जिथं टांगायचा तिथं त्याची आकृती लाल ऑइलपेंटनं काढलेली. त्यामुळे कुठली वस्तू जागेवर नाही ते लांबूनच दिसे. आणि कुठली ना कुठली नसेच, कारण ती हत्यारं विकायची कमी आणि न्यायची जास्त होती. गावोगावचे लोक मागून न्यायचे. अट एकच: काम केल्यावर पाना पुसायचा नाही.

ही अट मला कोणी सांगितली नव्हती. मी एकदा चाकाचे नट आवळायला पाना नेला, आणि संस्कारी माणसासारखा धुण्याच्या पावडरीनं घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणला. मुनाफभाईंनी तो उजेडात धरला.

"काम केलं का नाही?"

"केलं ना, भाई."

"मंग दिसून काहून नाही राह्यलं? मळका पाना सांगते का हा कामाले गेलता. हा तं लग्नाले गेलता वाटते."

दुकानात बसलेली सगळी मंडळी हसली. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

मुनाफभाईंना सगळं कळत होतं असं मात्र समजू नका. पेनड्राइव्ह आला तेव्हा "हे चार दिवसाचं खूळ हाय" असं म्हणून त्यांनी कॅसेटचे टेप पोत्यानं भरून ठेवले. खूळ गेलं नाही. टेप शेवटपर्यंत पोत्यात होते, आणि कोणी त्यावर बोललंच तर डावा कान तयार होता.

मग बायपासवर काचेचं दुकान आलं. पुण्या-मुंबईकडच्या कुठल्याशा साखळीतलं. त्याला पाटीवरचं नाव होतं, पण आम्ही सगळे काचेचं दुकानच म्हणायचो. आता खोटं कशाला बोलू, दुकान छान होतं. आत गार वारा, पोरं अदबीनं 'सर' म्हणणारी, माल बिघडला तर बदलून देणारी. मला बोरी अरबमध्ये कोणी सर म्हणत नाही. माझं तिथं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचा पंप. मी दिवसभर गल्ल्यावर बसून लोकांना बजावत असतो, "ओळखीच्या दुकानातूनच घेत जा बाप्पा, बाहेरच्याचा भरवसा नाही." असं सकाळी बजावून दुपारी मी काचेच्या दुकानात गेलो आणि ऑफरमध्ये असलेला डिक्कीएवढा वूफर घेऊन आलो. सोबत पान्यांची चकचकीत पेटी. म्हटलं, आता कोणाकडे मळका पाना मागायला नको.

तिथं तो वूफर काचेच्या खोलीत ऐकवला होता. छातीत धडकी भरली होती, आणि ती मला आवडली होती.

रविवारी सकाळी, सगळी गल्ली बघत असताना, मी तो स्वतः बसवला. पेटीतले निम्मे पाने कशासाठी असतात ते मला अजून कळलेलं नाही. पण काम झालं. गाणं लागलं. हॉर्न दाबला की थांबायचं. ब्रेक दाबला की वूफरमधून रेडा हंबरल्यासारखा आवाज यायचा. खडीच्या रस्त्यावर तर डिक्कीत रेडा आहे याची खात्रीच पटायची. आई मागे बसली, दोन्ही हात पोटावर ठेवून.

"हे गानं हाय का कोनी पोते आपटून राह्यलं?" ती म्हणाली. पुढच्या वेळी ती एसटीनं गेली.

मी मुनाफभाईंच्या दुकानावरून जायचं टाळू लागलो. बाजारातल्या गल्लीतून वळसा घालायचो. एका वळणावर ते पानटपरीशी उभेच होते.

"ये राजा. मले का वाटलं, तुले वयखू नाही येनार? तुहा खोकला दोन गल्ल्यांपासून आयकून राह्यलो."

काचेच्या दुकानातल्या मालाला हात लावायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. माझ्या वूफरलाही लावला नाही. मलाच तो काढायला लावला, उन्हात, आणि स्वतः स्टुलावर बसून सूचना दिल्या. मग मागचा छोटा स्पीकर पुन्हा जोडून दिला. "हा तुह्यासाठी नाही जोडला," ते म्हणाले. "सीट तिची हाय."

पुढे मुनाफभाई भाड्यानं होते त्या गाळ्यांच्या मालकांनी, शेठजींनी, सगळी रांग पाडून मोठं संकुल बांधायचं ठरवलं. तळमजला काचेचं दुकान घेणार होतं. बाकीच्यांनी गाळे सोडले. दिवाळीपर्यंत खाली करा, असा मुनाफभाईंना निरोप आला. नवा गाळा परवडणार नव्हता, आणि या वयात दुसरं काही येत नव्हतं.

अशा वेळी गप्प बसावं, ही अक्कल मला असती तर ही हकीकत लहान झाली असती. मी काचेच्या दुकानाच्या मॅनेजरला भेटलो. नागपूरचा पोरगा, स्वभावानं चांगला. त्यांच्याकडे फिटर टिकत नव्हता. मी मुनाफभाईंचं नाव सांगितलं, त्यानं होकार दिला, आणि मी मोठं काम केल्याच्या तोऱ्यात बातमी घेऊन गेलो. मुनाफभाईंनी आधी डावा कान केला. मी दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं.

"टोपी घालाव लागन का?"

"लागन. अन् कंपनीचा टी-शर्ट."

"पाह्यतो," ते म्हणाले. पाहायला गेले आणि दुपारपर्यंत टिकले.

लाडखेडचा एक माणूस पिकअप घेऊन आला होता. त्यानं वूफर पसंत केला. मुनाफभाईंना तो बसवायचा होता. त्यांनी विचारलं, "मागं कोन बसते?"

"मागं बकऱ्या बसते, चाचा."

"अन् समोर?"

"बायको. पोट्टं मांडीवर."

"लहान हाय?"

"दूध पिते अजून."

"चाल, घरी ने."

आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी, कंपनीच्या वेळात, ते लाडखेडला निघून गेले. एसटीनं परत आले तेव्हा मॅनेजर दारात उभा होता. सोबत मी, कारण त्यानं मलाच फोन करून बोलावलं होतं.

"अंकल, असं गावाला जाणं आपल्या पॉलिसीत नाही," तो म्हणाला. "गाडी इथे येते, आपण फिट करतो, गाडी जाते. आणि तुम्ही म्हणे त्यांना वूफर घेऊच नका म्हणालात?"

"लेकरू झोपते तिथं. थो डबा तेच्या उशाशी वाजला असता."

"पण त्यांनाच हवा होता ना?"

"तेले डबा पायजे होता, बरोबर हाय. तू डबाच इकतं, तेबी बरोबर हाय. लेकरू काही सांगाले येनार नाही, म्हनून मी पाहून आलो." त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली, टी-शर्टही तिथंच काढला. आत स्वतःचा बुशकोट होताच. सकाळपासून टी-शर्ट त्यावरच घातला होता. मग माझ्याकडे वळले. "अन् तू, शायना. तुह्या खताच्या दुकानात नोकर हो म्हटलं असतं तुले, तं झाला असता का?"

मी डावा कान पुढे केला. मला तो चांगला आहे, हे त्यांना माहीत होतं.

दिवाळीच्या आधी शेठजी ताबा घ्यायला आले. मीही गेलो होतो, सामान उचलायला हातभार लावावा म्हणून. मुनाफभाईंनी शटर पूर्ण वर केलं. दुकानात स्टूल आणि कॅसेट टेपचं पोतं होतं. भिंतीवर फक्त लाल आकृत्या. एकही पाना नाही, पक्कड नाही, पेचकस नाही.

"माल कुठं गेला, मुनाफभाई?" शेठजींनी विचारलं.

"दुकान खाली करा म्हनलं ना तुमी? केलं. बंद करा म्हनलं नव्हतं."

आधीच्या काही दिवसांत जो येईल त्याला त्यांनी हत्यार दिलं होतं. परत कधी आणायचं, ते सांगितलं नव्हतं. ज्याच्या गावात ज्याची गरज, ते त्याच्याकडे. माझ्याकडे चाकाचा पाना आला, कारण तो मी धुतला होता आणि आता मी शिकलो असेन, असा त्यांचा अंदाज. ते स्वतः खांद्याला पिशवी अडकवून एसटीनं गावोगाव फिरू लागले. बोरीत आले की माझ्या दुकानाच्या खिडकीत ठेवलेला पाना आधी बोटानं पुसून बघायचे. बोट काळं झालं तर चहा घ्यायचे. नाही झालं तर उभ्यानंच विचारायचे, "गावात सगये पायी चालते का?"

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दारव्ह्याला कब्रस्तानाबाहेर गाड्यांचीच गर्दी फार होती. एकानंही टेप लावला नव्हता. दफन झाल्यावर काही जण आपापला पाना घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, दारातूनच सांगितलं, "वापस कायले आनले? यांचं काम संपलं, पान्याचं संपलं का?" सगळे पाने आपापल्या गावी परतले.

परवा काचेच्या दुकानाची सामान पोहोचवणारी गाडी आमच्या गावाजवळ पंक्चर झाली. आतमध्ये पान्यांच्या चकचकीत पेट्या रचलेल्या होत्या, पण सील फोडायची परवानगी ड्रायव्हरला नव्हती. कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी पाना दिला. तासाभरानं तो परत घेऊन आला, धुऊन, पुसून, त्यांच्याच दुकानाच्या जाहिरातीच्या कागदात गुंडाळून.

मी कागद काढला आणि पाना उजेडात धरला.

"हा कामाले गेलता," मी विचारलं, "का लग्नाले?"

मी त्याला गाडीपर्यंत परत नेलं आणि सगळे नट पुन्हा एकदा आवळायला लावले. एक खरंच ढिला निघाला.