तीनाचे बावीस

माझा थोरला भाऊ आम्हाला जगवायचा तो जमिनीला मारून. चेष्टा नाही, धंदाच तो. इमारत बांधायच्या आधी जमिनीत भोक पाडायचं, वर तिपाई उभी करायची आणि साडेत्रेसष्ट किलोचा घण नळीवर सोडायचा. नळी दीड फूट खाली जायला किती ठोके लागले ते दादा वहीत लिहायचा. ठोके कमी लागले की माती मऊ. त्यातही पहिले सहा इंच मोजायचे नाहीत. भोक पाडताना तळाची माती हललेली असते, तिचा भरवसा नाही. दादाचा स्वभावही तसाच झाला होता. पहिली शिवी, पहिला धक्का तो धरतच नसे. वहिनी म्हणायची, "यांना राग यायला दीड फूट लागतो."

त्या वेळी आम्ही दोघं ज्या प्लॉटवर कामाला होतो, तिथे सहा मजली दवाखाना होणार होता. वीस फुटांवर नळी तीन ठोक्यांत गेली. दादाने तीन लिहिले. ठेकेदाराचा मुकादम वही बघून म्हणाला, "बावीस कर." तीन राहिले तर पाया खूप खोल न्यावा लागला असता, आणि ठेकेदाराला ते नको होतं.

"तीनच आहेत," दादा म्हणाला.

मुकादमाने कानाखाली वाजवली. दादा गाल चोळत नुसता हसला. माझं डोकं फिरलं. मी धावलो, तर त्याच्या दोन माणसांनी मला चिखलात दाबून धरलं. दुसरा फटका लोखंडी पान्याचा होता. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दादा खाली कोसळला, पण वही त्याने छातीशी धरली. मुकादमाने त्याची बोटं बुटाखाली चिरडली, तरी वही सुटेना. मग पोटात लाथा बसायला लागल्या.

"मी लिहितो," मी ओरडलो. "सोडा त्याला." आणि लिहिले मी बावीस, दादाच्या रक्ताने ओल्या झालेल्या पानावर. नेभळट कुठला.

सरकारी दवाखान्यात दादाचा जबडा तारांनी बांधला. शुद्धीवर येताच त्याने धडका हात हलवून खुणेनं विचारलं, किती?

"बावीस. पण तू वाचलास ना?"

त्याने मला जवळ बोलावलं. वाटलं, डोक्यावरून हात फिरवेल. त्याने सणसणीत मुस्कटात ठेवून दिली. सलाइनची सुई उपसली गेली, चादरभर रक्त झालं. वहिनी मध्ये पडली नाही. म्हणाली, "भाऊजी, त्या इमारतीत झोपणाऱ्यांना उठून पळतासुद्धा येणार नाही."

पाया किती खोल न्यायचा ते ठरवणाऱ्या इंजिनीअर साहेबांकडे वही पोचवायचं काम माझंच होतं. त्यांच्यासमोर मी बावीसवर काट मारली, तीन लिहिले, सही ठोकली आणि झालं ते सगळं सांगितलं. दादाने लिहिलेला आकडा पानावर पुन्हा आला, एवढ्यानेच मला बरं वाटलं.

साहेबांच्या ऑफिसच्या फाटकात मुकादम वाट बघत होता, हातात तोच पाना.

"दिलीस वही?"

"दिली," मी म्हणालो. "तीन लिहून दिली."

त्याने पाना उचलला. मी पळालो नाही.