सुरुंगाच्या वेळी आलेले पाहुणे

दगडी कोळशाचा धूर नाकात गेला की खाणीजवळचं आमचं बेल्लमपल्लीचं घर आठवतं. त्या दुपारी मला पाहायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा हातात पडल्या आणि जमीन हादरली. सवयीने आईने फळीवरचे डबे धरले, बाबांनी भिंतीवरचं घड्याळ, मी चहाचा ट्रे. पाहुणे मात्र "भूकंप! भूकंप!" ओरडत अनवाणीच अंगणात. आई दारातून म्हणाली, "भूकंप नाही जी, खाली खाणीत सुरुंग उडवून राह्यले. रोजचंच हाय. या, चहा घ्या." मुलगा सगळ्यांच्या पुढे पळाला होता, पण बशी काही त्याने सोडली नव्हती. बाबा आईला हळूच म्हणाले, "पोहे आवडले. जमलं समज!" आता सासरी, इचोड्यात, घरासमोरून ट्रक गेला की भांडी थरथरतात, माझा हात फळीकडे जातो, नवऱ्याचा बशीकडे.