हातावरचं दही

ताटावर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या काकींपुढे त्या हाताचं काही चालत नसे. त्या सरळ हातावरच तूप वाढत. “जरासं घेतलं तर काय होतं?” एवढं म्हणून पुढच्या ताटाकडे वळत, आणि पाहुणा मुकाट्याने हात भातावर निथळू देई. दुसरं करणार काय?

चिखल्याला आमच्या घराला लागूनच त्यांची चिकूची वाडी. त्यांच्या मुलाने तिथे हौसेने दोन खोल्या बांधल्या होत्या. तो भांडून निघून गेल्यावर काकींनी त्या खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. मी बोर्डीच्या शाळेत मास्तर. त्यामुळे पाहुण्यांचं इंग्रजी काकींना आणि काकींचा हट्ट पाहुण्यांना समजावून सांगणं आपोआप माझ्याकडे आलं. मोबदल्यात चिकू मिळत, तेही पडलेले.

२०१७च्या हिवाळ्यात एक तरुण जोडपं आलं. त्यांना खरं तर कुठल्याशा बेटावर जायचं होतं. ते जमेना, तेव्हा कुणीतरी ‘समुद्र काय, इथूनतिथून सारखाच’ असं सांगून त्यांना आमच्याकडे धाडलं. रिक्षातून उतरल्या उतरल्या ती मुलगी म्हणाली, “मला गहू चालत नाही, आणि दुधाचं काहीच चालत नाही. कणभर पोटात गेलं तरी आजारी पडते. मागची सुट्टी दवाखान्यातच गेली.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, गव्हात एक चिकट पदार्थ असतो, तो हिच्या आतड्यांना सोसत नाही.

“मग गहू धुऊन घेते की.”

“धुऊन जात नाही तो, काकी.”

“बरं. आणि दूध म्हशीचं नको ना? शेळीचं आणते.”

“कुणाचंच नको.”

काकींनी आवाज खाली आणून मुलीला विचारलं, “कधी सुटणार गं?”

“कधीच नाही. जन्मभर असंच.”

काकींनी तिला चक्क हात जोडले. एवढ्याशा वयात जन्मभराचं व्रत! मी कळकळीने सांगितलं, की व्रत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. “कुणी का सांगेना, पाळते तर हीच ना?” असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

मग काय विचारता! पोळपाट-लाटणं माळ्यावर गेलं, स्वयंपाकघर धुऊन निघालं, हिच्यापुरती नवी भांडी आली. दूधवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. मला कोरा चहा मिळू लागला. ‘जरासं’ हा शब्द काकींच्या तोंडून साफ गेला, कारण व्रत जरासं मोडत नाही. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. पण व्रत म्हटल्यावर उपासाचंच खायला घालणार. सकाळी साबुदाणा, दुपारी वरी, रात्री रताळं. शेजारच्या बायका दर्शनाला येऊन तिची ओटी भरू लागल्या. “गहू नको, तांदूळ घाला,” काकी दारातूनच बजावत. पोहायच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळलेली ती मुलगी ओटीतला नारळ सांभाळत समुद्राकडे बघत बसे.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे बोंबील तळले जात होते. ती कुंपणापाशी आली. डोळ्यांत पाणी. “मास्तर, त्यांना सांगा ना! मला मासे चालतात. भातही चालतो, तांदळाची भाकरीही चालते!”

मागून आलेल्या काकींचा चेहरा उतरला. “व्रतात मासे?”

“या व्रतात चालतात, काकी.”

त्या कुंपणालगतच्या ओट्यावर टेकल्या. “मला कुणी कधी सांगितलं नाही असलं व्रत,” म्हणाल्या. पण त्या दुपारी त्यांनी हळद-मीठ लावून बोंबील तळले आणि वाफाळत्या भाकऱ्या थापून तिला असं जेवू घातलं की पोरीला ओट्यावरून उठवेना.

निघायच्या दिवशी खरी पंचाईत झाली. घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही घातल्याशिवाय काकी कुणाला सोडत नसत. मुलगा तेवढा रागाच्या भरात दही न घेता गेला होता. त्याचे फोन येत, तो येत नसे. दही घेतलं असतं तर परतला असता, हे काकींच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि या पोरीवर तर त्यांचा जीव जडला होता. त्या दह्याची वाटी घेऊन फाटकात नुसत्याच उभ्या राहिल्या.

मुलीच्या ते लक्षात आलं. तिने आपणहून हात पुढे केला. “द्या काकी. जरासं घेतलं तर काय होतं?”

“काही नको!” काकी ओरडल्याच. “आजारी पडशील.” चमचा माझ्याकडे वळला. “मास्तर, हात करा. हिच्या नावाने खा.”

मी खाल्लं. भयंकर आंबट होतं.

पुढच्या वर्षी ती मुलगी खरोखरच परत आली, आणि माझ्या दही खाण्यावर काकींचा विश्वास बसला. एका सकाळी दह्याची वाटी घेऊन आल्या. चमच्याने दही उगाच ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, “पोराच्या नावाचंही खाता का? उशीर झालाय म्हणा. पण खाऊन बघा.” तेही खाल्लं.

२०१९ साली मुलगा आला. काकी आजारी पडल्याचं कळलं म्हणून त्यांना न्यायला आला. त्या घाईत दह्याचं कुणाला सुचलं नाही. आठवलं तेव्हा मी वाटी घेऊन धावलो, तर गाडी वळणापलीकडे गेलेली. बायको मागून म्हणाली, “खोकला आहे तुम्हाला, जरासंच घ्या.”

काकींच्या फाटकात उभं राहून मी त्यांच्या नावाने वाटीभर दही संपवलं. काकी आल्या नाहीत.